थंडरहेडची हिरवी सीट

१

एल्क फोर्डमध्ये चोऱ्या होतच नाहीत असं नाही. एकदा चर्चमधलं पियानोचं स्टूल गेलं होतं. एका हिवाळ्यात तर बर्फाचा आख्खा माणूस गाजराच्या नाकासकट उचलला गेला आणि तीन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्याच कुणाची टोपी घालून उभा सापडला. पण ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी सकाळी हेझल व्हँडरमोलनच्या गॅरेजात जे उघडकीला आलं, तसली चोरी साऱ्या मिशिगनमध्ये कुणी ऐकली नव्हती.

गॅरेजात १९६९ची थंडरहेड ४०० उभी होती. काळी कुळकुळीत, रुंद खांद्यांची. चालू केली की शेजारच्या स्वयंपाकघरातल्या बश्या नाचायच्या. किल्ली डॅशबोर्डवर होती. रेडिओ जागेवर, चाकं जागेवर. चोराने नेली होती फक्त मागची सीट. आणि तीही कसली, तर काळ्या गाडीतली, काळ्या पुढच्या सीटांमागची हिरवी सीट. वाटाण्याच्या सुपासारखी हिरवी. त्या गाडीतला एकुलता एक भाग, जो फुकट दिला तरी कुणी नेला नसता.

"बघ बाबा," हेझल दार धरून म्हणाली. "आता काय म्हणायचं याला?"

अर्विन पेल्टोलाने गाडीत डोकं घालून रिकामी जागा बघितली. चौसष्ट वर्षांचा अर्विन, थंडरहेड बनवणाऱ्या कारखान्याच्या रंगखात्यातून निवृत्त झालेला, ही गाडी घ्यायची म्हणून बापाने बांधलेली तळ्याकाठची केबिन विकायला निघाला होता. केबिनचं गिऱ्हाईक शनिवारी दुपारी सह्या करायला येणार होतं. गाडी खरी ४००, म्हणजे मोठ्या इंजिनाची, असेल तर सौदा सोन्याचा. साध्या थंडरहेडला ४००चे बिल्ले चिकटवलेले असतील, तर केबिन गेली आणि हातात उरली नटवलेली खोटी गाडी.

आणि खरी की खोटी, हे कुणाला ठरवता येत नव्हतं. हेझलचा नवरा गेरिट मार्चमध्ये वारला. त्याने ही गाडी कोरी घेतली होती, आणि मग कोऱ्या गाडीचं जे आमच्याकडची तरणी पोरं करत, तेच त्यानेही केलं: महिन्याभरात कार्ब्युरेटर बदलला, चाकं बदलली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात शर्यतीत इंजिनाच्या चिंधड्या उडवून दुसरं बसवलं. मूळ इंजिन असतं तर त्यावरचा नंबर बोलला असता. ते कधीच वितळवलं जाऊन त्याच्या कुणाच्या तरी शेगड्या झाल्या होत्या.

"डोलोरेसबाईंना बोलावतो," अर्विन म्हणाला.

"पोलिसांना नको?"

"हिरव्या सीटसाठी? ते हसतील, हेझल. आणि मग सगळं गाव हसेल."

२

डोलोरेस कुझ्मिंस्की अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि एकतीस वर्षं कारखान्याच्या हजेरीच्या खिडकीत बसली होती. एकतीस वर्षं माणसं तिच्यासमोर उभी राहून आपण काल का आलो नाही हे सांगत. त्यामुळे जगात खोटं किती प्रकारचं असतं हे तिला मुखोद्गत झालं होतं. नाडी बघतात तसं ती माणसाचे कान बघायची. कान लाल झाला की ती वहीत खूण करायची.

काठी टेकत ती गॅरेजभर फिरली. गाडीकडे तिने शेवटी पाहिलं. आधी पाहिलं बाजूच्या दाराकडे. कुलूप शाबूत.

"याची किल्ली कुठे असते, हेझल?"

"कुंडीखाली."

"म्हणजे साऱ्या गावाला माहीत. तू घरी कधी नव्हतीस?"

"काल दुपारी. दोन ते पाच. चर्चमध्ये सफरचंदांचा मुरांबा होता ना. सगळ्या बायका होत्या. कोण आलं, कोण गेलं, कढईच्या वाफेत काही दिसत नव्हतं."

भिंतीशी मोठा फ्रीझर होता आणि त्याच्या पाठीवर काचेची भांडी रांगेने मांडलेली. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. गेरिट गेला तेव्हा गावाने हेझलच्या घरी जेवण पोचवलं होतं, त्याचीच ही भांडी. धुऊन, पुसून, धन्यांची वाट बघत बसलेली.

"अजून न्यायला आले नाहीत लोक," हेझल ओशाळून म्हणाली. "मीही कुठे पोचवत बसू? इथे ठेवलीत. येतं कुणी, नेतं आपलं."

फ्रीझरवर धूळ होती. भांड्यांच्या मधोमध धुळीत एक लांबट, अंड्याच्या आकाराची स्वच्छ जागा होती. डोलोरेसने काठीच्या टोकाने तिच्याभोवती हवेतच एक गोल काढला. मग ती गाडीकडे वळली.

"पोरा, ही सीट काढतात कशी? एकही ओरखडा नाही. बोल्ट उघडलेले दिसत नाहीत."

"बोल्ट नसतातच," अर्विन म्हणाला. दाखवायला मिळालं म्हणून तो खुलला. "खाली नुसत्या दोन आकड्या असतात. पुढून गुडघ्याने मागे रेटायचं आणि झटकन वर उचलायचं. हे पाहा, असं. बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. तो पाना घेऊन तासभर बोल्ट शोधत बसेल."

"मग ठाऊक कुणाला असतं?"

"ज्याने कारखान्यात सीटांवर काम केलंय त्याला."

"आणि तू रंगखात्यात जायच्या आधी कुठे होतास?"

अर्विनचा गुडघा हवेतच राहिला.

"सीटांवर," तो म्हणाला.

३

"माझ्यावर संशय?" रस्त्याने जाताना अर्विन तिसऱ्यांदा म्हणाला. "मी कशाला नेईन? मला तर गाडी हवीय!"

"कान लाल नाही तुझा. चल पुढे."

हेझलचा पुतण्या कर्ट गावाच्या टोकाला गाड्या दुरुस्त करायचा. कमरेला रुंद पट्टा बांधून तो उभ्याउभ्याच सँडविच खात होता. आठवड्यापूर्वी गिअरबॉक्स उचलताना पाठ धरली होती.

"काकाने गाडी मला देतो म्हटलं होतं," कर्ट लगेच सुरू झाला. "तोंडी. दोन बिअर पिऊन. तिसऱ्या बिअरला म्हणाला, देत नाही. तेव्हा मी तिसरीच्या आधी उठायला हवं होतं. पण सीट? डोलोरेसबाई, सीट काढायची तर खाली वाकून चार बोल्ट उघडायला नकोत? मला बुटाची नाडी बांधता येत नाहीये. बायको बांधते. वर टोमणेही मारते."

डोलोरेस "बरी हो पाठ" म्हणाली आणि निघाली.

"चार बोल्ट म्हणाला," अर्विन पुटपुटला.

"ऐकलं मी."

दुसरा संशयित चौकातल्या खानावळीत केक खाऊन उठत होता. ड्वाइट लोमॅक्स, टोलेडोचा गाड्यांचा व्यापारी. टोलेडो म्हणजे शेजारचं ओहायो राज्य, आणि ओहायोच्या माणसावर संशय घ्यायला आमच्याकडे पुरावा लागत नाही. मंगळवारी त्याने हेझलच्या गाडीखाली पाठीवर पडून, टॉर्च दातात धरून, दोन तास घालवले होते.

"सांगितलं ना मी त्या बाईंना," लोमॅक्स मिशी पुसत म्हणाला. "इंजिन दुसरं. कार्ब्युरेटर दुसरा. चाकं दुसरी. मागची सीट भंगारातली, कुठल्यातरी हिरव्या गाडीतून ओढलेली. साधी गाडी आहे, बिल्ले लावलेत. तरी मी घेतो म्हटलं, साधीच्या भावाने. उपकार म्हणून."

"आणि खरी ४०० निघाली तर?"

"कशावरून? बांधणीचा कागद आणा. प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरायचा: कुठलं इंजिन, कुठला गिअर, सगळं त्यावर. काम झालं की कामगार तो सीटच्या स्प्रिंगांत कोंबून द्यायचे. पण ती सीटच दुसऱ्या गाडीची, मग आत कागद असला तरी दुसऱ्याच गाडीचा. बाई, तीस वर्षं हाच धंदा करतोय मी."

कागद नसला तर फायदा याच माणसाचा. अर्विनने डोलोरेसला कोपराने ढोसलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"ती लाल गाडी तुमची?"

"माझीच. इटालियन आहे. दोन माणसं आणि एक दातांचा ब्रश, एवढीच मावतात."

"सुरेख आहे," डोलोरेस म्हणाली. बाहेर आल्यावर म्हणाली, "पलंगाएवढी सीट. ती काय त्याने टपावर बांधून चौकातून नेली? आणि कुणी बघितली नाही?"

"मग राहिलं कोण?"

"जेवायची वेळ झाली," डोलोरेस म्हणाली. "मार्लिसने काय केलंय?"

४

अर्विनच्या बायकोने, मार्लिसने, सायीतले बटाटे आणि हॅम केलं होतं. हवा बरी होती म्हणून मागच्या पडवीत, उन्हात मांडलं. लांबट भांड्यात बटाट्यांवर सोनेरी पापुद्रा धरला होता. अर्विनने पडवीतल्या गोधडी घातलेल्या बाकावर बैठक मारली आणि भिंगरीसारखा बोलत सुटला: कर्ट, लोमॅक्स, बोल्ट, कागद. मार्लिस वाढत होती. ऐकत होती की नाही कळत नव्हतं. खरं तर सोमवारपासूनच ती गप्प होती. सोमवारी त्याने तिला गाडी दाखवायला नेलं, तर ती मागे जाऊन बसली, हिरव्या सीटच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली, आणि घरी येईपर्यंत बोललीच नाही. अर्विनला वाटलं, गाडी आवडली.

"गेरिट काय सांगायचा त्या सीटबद्दल, हेझलने तुला सांगितलं?" डोलोरेसने विचारलं.

"ती थाप होय? म्हणे गाडी दुकानातून आली तीच हिरव्या सीटची. दुकानदार म्हणाला बदलून देतो. गेरिट म्हणाला, मागे बसणार कोण, राहू दे. गेरिट मासेसुद्धा हातभर लांब सांगायचा."

"दाराच्या चौकटीत पत्रा आहे, बघितलास? बांधणीचा आठवडा. नोव्हेंबर अडुसष्ट, तिसरा. एकोणसत्तरच्या गाड्या आदल्या हिवाळ्यातच बांधायला घ्यायचे."

"असेल."

"पंधरा नोव्हेंबरला काय असतं, पोरा?"

हे कुणी मिशिगनच्या माणसाला विचारत नाही. पंधरा नोव्हेंबरला हरणाची शिकार सुरू होते. त्या दिवशी शाळा बंद असतात आणि गावातल्या न्हाव्यापर्यंत सगळे बंदुका घेऊन रानात असतात.

"त्या शुक्रवारी माझ्या खिडकीत," डोलोरेस बटाटे कुस्करत म्हणाली, "एका सकाळी अठ्ठावीस आज्या वारल्याचे फोन आले. एवढी आजीबायांची साथ जगाच्या इतिहासात आली नसेल. लाईनवर माणसं नाहीत, आणि लाईन थांबवायची नाही. ऑफिसातले टाय लावलेले लोक चाकं बसवत होते. त्या दिवशी काळ्या सीटा संपल्या असतील, तर कुणी काय बसवलं असेल?"

अर्विनचा काटा तोंडाशी थांबला. "म्हणजे सीट भंगारातली नाही. कारखान्यातलीच."

"म्हणजे आतला कागद याच गाडीचा. आणि चोराला ते ठाऊक होतं." तिने शांतपणे रिकामं होत आलेलं भांडं उचललं, डोक्यावर धरलं आणि त्याच्या बुडाकडे पाहिलं. "मार्लिस, भांडं छान आहे. बुडाला पट्टीचा तुकडा राहिलाय. 'पेल्टो' एवढं वाचता येतं."

मार्लिसने वाढायचा चमचा खाली ठेवला.

"हे हेझलच्या फ्रीझरवर होतं," डोलोरेस म्हणाली. "कालपर्यंत."

"अगं, पण भांडं कधी आणलंस तू?" अर्विन बायकोकडे वळला. वळताना तो बाकावर दोन इंच वर उडाला आणि खाली आला. पुन्हा किंचित वर उडाला. या बाकावर बसलं की एरवी माकडहाड दुखायचं.

"पोरा," डोलोरेस म्हणाली, "जरा ऊठ. तू पुराव्यावर बसलायस."

५

गोधडी बाजूला केली तेव्हा खाली वाटाण्याच्या सुपासारखा हिरवा रंग उन्हात चकाकला.

मार्लिस हात पुसत होती. ते कोरडेच होते. "सीट उचलली, मोटारीत घातली, दार लावलं," ती म्हणाली. "मग भांडं दिसलं. आपलं भांडं सहा महिने लोकांच्या घरी. हात आपोआप गेला."

"तेवढ्यावरून ओळखलं मी," डोलोरेस म्हणाली. "चोर आपलं भांडं घरी नेत नाही. ते फक्त आपल्या बायका नेतात."

"पण का, मार्लिस?" अर्विनचा आवाज चिरकला. "आणि कागदाचं तुला कसं कळलं?"

"अडुसष्टच्या पंधरा नोव्हेंबरला तू कुठे होतास?"

"मी... आजीच्या..."

"त्या वर्षी तिसऱ्यांदा," डोलोरेस म्हणाली. "वहीत आहे."

"केबिनवर होतास. शिकारीला," मार्लिस म्हणाली. "कागद वाचून त्या रंगाची सीट गाडीत घालायची, हे तुझं काम. तू नाहीस म्हणून शिवणखात्यातून मला उचलून तुझ्या जागी उभं केलं. मी वीस वर्षांची. दहा वाजता काळ्या संपल्या. मुकादम ओरडतोय, लाईन पुढे सरकतेय. मी स्वतः शिवलेली एक हिरवी समोर होती, ती घातली. कागद अस्तराच्या फटीतून आत सरकवला. त्यावर ४०० लिहिलेलं मी वाचलं होतं. सोमवारी तू मला गाडीत बसवलंस तेव्हा शिवणीवर बोट फिरवलं आणि ओळखली. मी डावरी आहे, अर्विन. माझा टाका उलटा पडतो."

"मग कागद तेवढा काढून जाळायचा! आख्खी सीट कशाला?"

"बेचाळीस वर्षांत तो आत खोल गेलाय. शिवण उसवावी लागली असती. आपलंच काम फाडायचं, आणि तेही चोरून?" तिने मान हलवली. "तेवढं नाही झालं माझ्याच्याने."

"मला सांगायचंस तरी!"

"तू विचारलंस कुठे? कर्टला विचारलंस, टोलेडोच्या माणसाला विचारलंस, न्हाव्याला विचारलंस. केबिन विकायची ठरवलीस तेव्हा मला नुसतं कळवलंस. कागद सापडला असता तर शनिवारी तू सही करून मोकळा झाला असतास."

अर्विन मटकन खाली बसला. सीटने त्याला हळूच वर उचललं.

"तिची वस्तू तिला नेऊन द्यायला हवी," मार्लिस म्हणाली. "मी येते. मीच सांगते हेझलला."

६

हेझल आधी रागावली, मग हसली, मग एक भांडं तरी घरी गेलं म्हणून सुस्कारा सोडला. लोमॅक्सला डोलोरेसने मुद्दाम निरोप धाडला होता, तोही आला.

गॅरेजात मार्लिसने सीट उलटी ठेवली, शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री काढली आणि आपलीच बेचाळीस वर्षांपूर्वीची शिवण टाक्या-टाक्याने उसवली. वाळक्या पानासारखा पिवळा कागद बाहेर आला. डोलोरेसने चष्मा चढवला.

"नंबर वाचते. तुम्ही पुढच्या काचेखालच्या नंबरपट्टीवर बघा, लोमॅक्ससाहेब."

ती एकेक आकडा वाचत गेली आणि लोमॅक्स "हं" म्हणत गेला. शेवटच्या आकड्याला त्याचा "हं" आलाच नाही. त्याने टोपी काढली.

"जुळतो," तो म्हणाला. "इंजिन ४००. आतला रंग काळा लिहिलाय... पण जुळतो. बाई, मी माझी किंमत बदलतो. दुप्पट."

हेझलने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "अर्विन, शब्द तुला दिला होता. आधी ठरलेल्या भावाने तुझी. केबिन विकलीस की घेऊन जा."

अर्विन ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसला. त्याने किल्ली फिरवली आणि फ्रीझरवरची भांडी किणकिणायला लागली. बाविसाव्या वर्षापासून त्याला हा आवाज हवा होता. आता गाडी खरी होती, आणि त्याची होती. एक सही.

हेझल आणि मार्लिसने सीट जागेवर टेकवली होती आणि मार्लिस तिच्यावर, ती नीट बसावी म्हणून, बसली होती. अर्विनला ती आरशात दिसली. काळ्या गाडीत, हिरव्या सीटवर, मांडीवर शिवणाचा डबा.

त्याने इंजिन बंद केलं.

"मार्लिस," तो आरशातच बघत म्हणाला. "काय करू?"

तिने डब्याचं झाकण लावलं. कुणी विचारेल अशी तिची तयारी नव्हती.

"गाडी सुरेख आहे," ती म्हणाली. "मला केबिन हवीय. जुलैत सकाळी मी तिथे पोहते, तू झोपलेला असतोस. मला ते हवंय."

अर्विनने स्टिअरिंगवर एकदा तळहात टेकवला, माणूस घोड्याला थोपटतो तसा. मग तो उतरला आणि त्याने किल्ली हेझलच्या हातात दिली.

"यांना विक," तो म्हणाला. "दुप्पट म्हणालेत. तिप्पट म्हणतील, जरा गप्प उभी राहा."

लोमॅक्सने तिप्पट नाही, पण अडीच पट दिले. दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला ट्रक आला तेव्हा त्याने कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला, बायबल धरावं तसा धरला आणि हिरवी सीट बाहेर काढून गवतावर टाकली.

"कागदावर काळी लिहिलीय," तो म्हणाला. "मूळची काळी सीट आहे माझ्याकडे, त्याच सालची. चुकीचा भाग कोण ठेवणार? हवी तर घ्या."

अर्विन काहीतरी बोलणार होता. डोलोरेसने त्याच्या पायावर काठी ठेवली.

कारखान्यात त्या गाडीत जे जे बसवलं होतं, त्यातलं जे गाडी खरी असल्याची साक्ष देत होतं, तेच असं गवतावर टाकून ओहायोचा माणूस निघून गेला. त्यानंतर अर्विन लोकांना सांगत सुटला की आपल्याकडे थंडरहेड ४०० आहे, फक्त बाकीची यायची आहे.

पंधरा नोव्हेंबरला सकाळी डोलोरेस तळ्याकाठच्या केबिनवर कॉफी प्यायला गेली. रानात लांबवर बंदुका वाजत होत्या. सारं गाव शिकारीला गेलं होतं. अर्विनची बंदूक मात्र खुंटीलाच होती. ओसरीत, तळ्याकडे तोंड करून, हिरवी सीट मांडलेली. उसवलेली शिवण नव्या दोऱ्याने, उलट्या टाक्याने पुन्हा घातलेली. दोघं त्यावर गोधडी पांघरून बसली होती.

डोलोरेसने पिशवीतून हजेरीची जुनी वही काढली, अडुसष्टचं पान शोधलं आणि पेन्सिल ओली केली.

"पेल्टोला, अर्विन?"

अर्विनने मार्लिसकडे पाहिलं आणि सीटवर जरा सरळ बसला.

"हजर," तो म्हणाला.